ब्रामाच्या यंत्रातील चामड्याचे कडे

लंडनचा कुशल यंत्रकार जोसेफ ब्रामा याने १७९५ साली जलदाबयंत्राची सनद मिळविली खरी. परंतु दट्ट्याभोवतीचे वेष्टन सैल ठेवावे तर पाणी झिरपून उचललेला भार हळूहळू खाली बसे, आणि घट्ट आवळावे तर दाब सोडल्यावरही दट्ट्या जागचा हलत नसे. या पेचातून मार्ग काढण्याचे श्रेय त्याच्याच कारखान्यातील हेन्री मॉड्स्ली या तरुण कारागिराला दिले जाते: वाटीसारखे वळविलेले चामड्याचे कडे त्याने असे बसविले, की पाण्याचा दाबच त्याची कड दट्ट्यावर आवळी आणि दाब ओसरताच ती आपोआप सैल होई. केवढी निर्मळ बुद्धी ही! आजही एकमार्गी सिलिंडर भाराखाली खचू लागला, की जाणता मिस्त्री त्याच्या तोंडाशीच तेलाची वाट बंद करतो. खचणे थांबले तर दोष झडपेचा किंवा नळीचा, न थांबले तर सीलचा, म्हणजे दट्ट्याभोवतीच्या वेष्टनाचा.