थंडीत सकाळी एफआय गाडी स्टार्ट होत नाही? गॅरेजला नेण्याआधी या क्रमाने तपासा

निफाड, सिन्नर, दिंडोरी पट्ट्यात थंडीचा कडाका वाढला की पहाटे दूध घालायला किंवा मळ्यात जायला निघणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. रात्री नीट चाललेली गाडी सकाळी सेल्फ घेते, पण स्टार्ट होत नाही. एक्सपल्स, हिमालयनसारख्या कच्च्या रस्त्याच्या गाड्या असोत की साधी शंभर सीसीची, १ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या जवळपास सगळ्या नव्या मोटारसायकली एफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. यातला दोष बहुतेक वेळा किरकोळ असतो. पण क्रम सोडून तपासलं तर महागडा पार्ट विनाकारण बदलला जातो.

जुन्या गाडीपेक्षा वेगळं काय?

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला चोक ओढायचा आणि रेस मारत किक मारायची. एफआय गाडीत चोकचं काम ईसीयू करतो. इंजिन किती थंड आहे हे सेन्सर सांगतो आणि त्यानुसार ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो. त्यामुळे सेल्फ मारण्याआधी रेस पिळून काहीच फायदा नाही.

१. आधी स्विच, मग बॅटरी

किल स्विच चालू आहे ना, गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना, साइड स्टँड वर आहे ना, हे बघा. मग बॅटरी. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जोरही जास्त लागतो. पूर्ण चार्ज बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. सेल्फ मारताना नुसता कट-कट आवाज येत असेल किंवा मीटरचा डिस्प्ले विझत असेल तर संशय बॅटरीवरच. टर्मिनल सैल आहेत का, त्यावर पांढरी भुकटी जमलीय का, तेही पाहा.

२. पंपाचा आवाज ऐका

चावी चालू केली की टाकीतून दोन-तीन सेकंद 'झूंऽऽ' असा बारीक आवाज येतो. तो पेट्रोल पंपाचा. आवाजच नसेल तर फ्यूज, वायर कपलर आणि पंप तपासून घ्या. आवाज येतो, पण चावी दोन-तीनदा चालू-बंद केल्यावरच गाडी स्टार्ट होते? मग रात्रभरात पेट्रोलचा दाब उतरतोय किंवा फिल्टर तुंबलाय, अशी शक्यता जास्त.

३. प्लग काढून बघा

- कोरडा, काळी काजळी असलेला: पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, एअर फिल्टर तपासा.
- पेट्रोलने ओला: ठिणगी पडत नाही किंवा इंजिन फ्लड झालंय.
- कोरडा आणि स्वच्छ: पेट्रोल पोचतच नाही.

फ्लड झालं असेल तर रेस पूर्ण उघडी ठेवून चार-पाच सेकंद सेल्फ मारा. जास्त हवा आत जाऊन सिलिंडर मोकळा होतो.

४. धूळ आणि पाणी

मळ्याच्या रस्त्याला चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर लवकर भरतो. गाडी महिनाभर उभी असेल तर पेट्रोल शिळं होतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी धरतं, म्हणून बाटलीत साठवलेलं पेट्रोल टाळा.

५. शेवटी सेन्सर

थोडी रेस धरल्यावरच गाडी स्टार्ट होते आणि सोडली की बंद पडते? थ्रॉटल बॉडीत कार्बन साचलाय किंवा आयडलचा व्हॉल्व्ह अडकलाय. गरम असताना पटकन, पण थंड असताना अजिबात नाही, आणि वरचं सगळं ठीक आहे? मग टेम्परेचर सेन्सर आणि टॅपेट सेटिंग तपासायला सांगा. इंजिनचा पिवळा दिवा गाडी सुरू झाल्यावरही विझत नसेल तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. कोड वाचल्याशिवाय ईसीयू बदलायला होकार देऊ नका.

हे करू नका

- सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा.
- बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर धक्का मारण्यात दम घालवू नका. पंप आणि ईसीयूला करंटच नसेल तर बहुतेक एफआय गाड्या धक्क्याने सुरू होत नाहीत.
- एअर फिल्टरच्या बाजूने पेट्रोल ओतू नका, भडका उडू शकतो.
- बंद गोठ्यात किंवा खोलीत गाडी चालू ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही आणि जीव घेतो.

गाडी स्टार्ट झाली की लगेच रेस पिळू नका, मिनिटभर आयडलला राहू द्या. ऑइल कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच टाका. आणि गॅरेजला गेलात तर 'स्टार्ट होत नाही' एवढंच सांगू नका. पंपाचा आवाज येतो का, प्लग कसा होता, दिवा विझतो का, हे तीन मुद्दे सांगा. मेकॅनिकचा वेळ वाचेल, तुमचे पैसेही.