इराण्याचा कप आणि गिरणीचा धोटा

मुंबईच्या इराणी हॉटेलांविषयी लिहिताना बहुतेक जण बन-मस्का, ब्रुन पाव, मावा केक आणि पानी कम चाय यांत रमतात. संगमरवरी टेबले, लाकडी खुर्च्या, भिंतीवरचे आरसे यांची आठवण काढतात. ही आठवण आता परदेशातही विकली जाते. लंडनमध्ये २०१० साली ‘दिशूम’ नावाचे हॉटेल याच धर्तीवर सुरू झाले. पण या हॉटेलांनी मुंबईला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट चवीची नव्हती. तिथे कोण कोणाशेजारी बसून, कोणाच्या कपातून चहा पीत होता, हा खरा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकात इराणमधल्या यझद, केरमान भागातून जरथुश्त्री लोक मुंबईत येऊ लागले. मुसलमान म्हणून आपण हा भाग टाळून पुढे जाऊ नये. काजार राजवटीत या अल्पसंख्याकांवर जिझिया होता आणि रोजच्या जगण्यात अपमान होता. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हतारिया यांना इराणला पाठवले. त्यांच्या दीर्घ खटपटीनंतर १८८२ साली शहाने जिझिया रद्द केला. दरम्यान १८७०-७२च्या भीषण दुष्काळाने इराणचे कंबरडे मोडले होते. गरिबीला आणि जाचाला कंटाळलेली माणसे मुंबईत येतच राहिली.

त्याच मुलखातून शिया मुसलमानही आले. इराणी व्यापारी इथे आधीपासून होतेच. डोंगरीजवळची निळ्या फरशांची इराणी मशीद, म्हणजे मुघल मशीद, १८६० साली शिराझच्या एका व्यापाऱ्याने बांधली. पुढे जरथुश्त्री आणि मुसलमान, दोघांनीही चहाची हॉटेले काढली. मुंबईच्या मराठी माणसाने दोघांना एकच नाव दिले : इराणी. मायदेशात ज्यांच्यामध्ये जिझियाची भिंत होती, ते इथे एकाच धंद्यात, एकाच नावाने ओळखले गेले.

नाक्यावरचा गाळा हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून तो इराण्यांना स्वस्तात मिळाला, असे सांगतात. गिरगावला लागून धोबीतलावच्या जेर महालात १९०४ साली कयानी सुरू झाले. ग्रँट रोड स्टेशनसमोर १९१४ साली बी. मेरवान आले. दादरच्या हिंदू कॉलनीपासून परळ-लालबागच्या नाक्यांपर्यंत ही हॉटेले पसरली.

त्या काळचे गिरगाव-दादर डोळ्यांसमोर आणा. उपाहारगृहाच्या पाटीवर ‘ब्राह्मणांचे’, ‘हिंदू’ असे लिहिलेले असे. आत कोणाला प्रवेश आहे, हे पाटीच सांगून टाकी. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेला कामगार खानावळीत जेवायचा. खानावळ चालवणारी बाई बहुधा त्याच्याच गावची, त्याच्याच जातीची. तिने या कामगारांना जगवले, हे खरेच. पण ताट आपापल्या माणसांतच फिरत राहिले.

गिरणीच्या आत काय होते? साचेखात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी कताईपेक्षा बरी मिळे. तिथे मराठा आणि मुसलमान विणकर मोठ्या संख्येने होते. अस्पृश्यांना मात्र हे खाते बंद होते. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातल्यावर दोऱ्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा आपण तोंडाला कसा लावायचा, हा सवर्ण कामगारांचा आक्षेप. परळच्या चाळीत राहणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी १९२८च्या गिरणी संपात हा प्रश्न ऐरणीवर आणला. लाल बावट्याखाली एकत्र आलेल्या कामगारांनाही हे उष्टे खुपत होते. या खात्यातल्या मुसलमान विणकरालाही त्याचा फायदाच होत होता, हेही आपण कबूल केले पाहिजे.

आणि याच गिरणीबाहेर, नाक्यावरच्या इराण्याकडे, एकाने ओठ लावलेला कप विसळून दुसऱ्यापुढे येत होता. जोबर, साचेवाला, झाडूवाला, मौलवी, विद्यार्थी. पैसे टाका आणि बसा. जात विचारण्याची रीत तिथे नव्हती.

म्हणून इराण्याला समाजसुधारक ठरवायचे का? नाही. तो धंदा करत होता. या शहराच्या जातव्यवस्थेत तो बाहेरचा होता, आणि रिकामी खुर्ची त्याला परवडत नव्हती. मालकाच्या धर्मावर काही अवलंबून नसते, याचा पुरावा बडोद्यात आहे. परदेशातून शिकून आलेले आंबेडकर नोकरीसाठी तिथे गेले, तेव्हा त्यांना कोणी खोली देईना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. खरी ओळख उघड झाल्यावर काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढले. म्हणजे ज्या धर्माचा माणूस मुंबईत सर्वांना चहा देत होता, त्याच धर्माची माणसे बडोद्यात जात पाहून दार बंद करत होती.

असा मोकळेपणा मालकाच्या मर्जीवर राहिला, तर तो कधीही काढून घेता येतो. म्हणूनच राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात सार्वजनिक उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख आला. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून तिथे कोणाला अडवता येणार नाही. अमेरिकेत ग्रीन्सबरो शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी १ फेब्रुवारी १९६० रोजी वूलवर्थच्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले. दुकान त्यांना सामान विकत होते, पण बसून खाऊ देत नव्हते. आपल्या घटनेने हा हक्क त्याच्या दहा वर्षे आधीच लिहून ठेवला होता.

पण कागदावरचा हक्क रोजच्या व्यवहारात पुन्हा पुन्हा तपासून घ्यावा लागतो. २०२४च्या कावड यात्रेत उत्तर प्रदेशात खाद्यपदार्थांच्या दुकानांवर मालकांची नावे लावण्याचे आदेश निघाले. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम स्थगिती दिली. काय शिजते हे सांगा, पण कोण शिजवते हे सांगण्याची सक्ती नको, अशी ती भूमिका होती. जुन्या पाट्या दुसऱ्या वाटेने परत येऊ पाहत होत्या. फरक इतकाच की तेव्हा पाटी गिऱ्हाइकाला अडवत होती, आता गिऱ्हाइकाने मालकाला टाळावे म्हणून ती हवी होती.

गिरण्या गेल्या. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर परळ-लालबागचे भोंगे हळूहळू थांबले. तिथे टॉवर आणि मॉल उभे राहिले. नाक्यावरचे इराणीही एकेक करून बंद झाले. आज त्याच भागात भाड्याने खोली मागायला जा. आडनाव काय आणि खाता काय, हे प्रश्न भाड्याच्या आकड्याआधी येतात. हळहळायचे असेल तर बन-मस्क्यासाठी जरूर हळहळू या. पण ज्या टेबलावर हे दोन्ही प्रश्न कोणी विचारत नव्हते, ते टेबल गेल्याचे दुःख अधिक मोठे आहे.