वस्तूंवर रोखलेली बंदूक

बंदूक म्हटली की ती माणसावर रोखलेली, हे आपण गृहीतच धरून चालतो. परंतु गेल्या शंभर वर्षांत बंदुकीची एक अशी जात निपजली, की तिच्या कर्त्यांनी तिला माणसाऐवजी वस्तूंची वैरीण ठरविले. रणगाडा, मोटार, रडार, उभे असलेले विमान ही तिची भक्ष्ये. इतिहास शिकविता शिकविता या जातीच्या कुळकथेचा मला छंदच लागला. त्या कथेतील एक प्रश्न मात्र मला अजून सोडीत नाही: वस्तूवर झाडलेली गोळी वस्तूपाशीच थांबते काय?

१५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर इंग्रजांचे रणगाडे प्रथम उतरले. जर्मनांच्या पोलादी गाभ्याच्या गोळ्या त्यांचे पातळ चिलखत भेदू लागल्या, तेव्हा इंग्रजांनी चिलखत जाड केले. मग १९१८ मध्ये माउझर कारखान्याने साध्या रायफलीलाच राक्षसरूप दिले. गोळीची जाडी १३.२ मिलिमीटर, बंदुकीचे वजन टेकूसकट सुमारे १८ किलो, आणि एका वेळी एकच गोळी! धक्का शोषून घेण्याची सोय मात्र तीत मुळीच नव्हती. क्रियेइतकीच प्रतिक्रिया, हा न्यूटनचा नियम आमची मुले घोकतात. जर्मन शिपायांनी तो खांद्यावर सोसला. ही बंदूक दोनदाच उडविता येते, एकदा उजव्या खांद्यावरून नि एकदा डाव्या, असा विनोद तिच्याविषयी सांगतात.

आणि समोर? त्या रणगाड्यात आठ माणसे बसलेली असत. बोटभर भोकाने रणगाडा मरत नाही. मरतो तो आतला माणूस.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांची बॉईज रायफल आणि रशियनांच्या देग्त्यारेव व सिमोनोव यांच्या रायफली याच कुळातल्या. पण रणगाड्यांची चिलखते इतकी जाड होत गेली, की त्यांच्यापुढे या बंदुकांचे काही चालेना. वाटले, वंश बुडाला!

तो पुन्हा उभा केला एका छायाचित्रकाराने. १९८२ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यात रॉनी बॅरेट हा गृहस्थ नदीवरील गस्ती नौकेचे छायाचित्र घेत होता. तिच्यावरील ब्राउनिंग मशीनगनी पाहून त्याच्या मनात आले, हीच गोळी खांद्यावरून का उडवू नये? बंदुका घडविण्याचे शिक्षण नव्हते, तरी त्याने जेवणाच्या टेबलावर आराखडे काढले. त्याच्या रायफलीची नळी गोळी सुटताना स्प्रिंगांवर मागे सरकते, आणि नळीच्या तोंडाशी बसविलेला बाणाच्या फाळासारखा भाग तप्त वायू मागे फेकून बंदुकीला पुढे ओढतो. बराचसा धक्का असा वाटेतच जिरतो. गोळी १२.७ मिलिमीटरची, वजन सुमारे १४ किलो, पल्ला सुमारे १,८०० मीटर. १९८९ मध्ये स्वीडनच्या सैन्याने ती घेतली. १९९१ च्या आखाती युद्धात ती अमेरिकन सैनिकांच्या हाती होती.

खांद्याचे दुःख असे हलके झाले. परंतु जी गोळी मैलभर दूरचे रडार फोडते, तिला माणूस का वर्ज्य असावा? २००२ मध्ये अफगाणिस्तानात एका कॅनेडियन सैनिकाने याच जातीच्या दुसऱ्या रायफलीने २,४३० मीटरांवरील शत्रू टिपला. वस्तूंसाठी घडविलेले हत्यार अखेर उघड उघड माणसावर वळले.

तरी या बंदुकीचे एक काम मला मनापासून भावते. न फुटलेले बॉम्ब आणि सुरुंग यांच्याजवळ न जाता ते दुरूनच गोळी घालून निकामी करावयाचे, यासाठी सैन्यात तिचा उपयोग होतो. आपण नाही का, मुलांना बजावतो, 'अरे, न उडालेल्या फटाक्याजवळ जाऊ नका!' तीच ही खबरदारी. एवढ्या एका कामात मात्र ती खरोखर निव्वळ वस्तूवर रोखलेली असते. पोलादाआड कोणी बसलेला नसतो, आणि गोळी सुटल्यावर कोणाची तरी वाट निर्धोक होते.