सह्यांचा दाखला

गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी पुस्तकांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. मी अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तके आवर्जून घातली. एक सहकारी म्हणाले, "सर, साहित्याला कातडी नसते. लेखकाचा रंग बघून पुस्तके निवडायची, तर मग जातीयवाद वेगळा तो काय?" प्रश्न वरवर निरागस आहे. उत्तर इतिहासात आहे.

आफ्रिकेतून आणलेली सात-आठ वर्षांची एक मुलगी १७६१ साली बोस्टनमध्ये विकली गेली. मालकाने नाव ठेवले फिलिस व्हीटली. ती इंग्रजी शिकली, कविता लिहू लागली. १७७३ साली लंडनमध्ये तिचा संग्रह निघाला, तो बोस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांच्या सह्यांचा दाखला घेऊन. कविता तिच्याच आहेत, एवढेच त्यात सांगायचे होते! सह्या करणाऱ्यांत खुद्द गव्हर्नर होते. १८४५ साली फ्रेडरिक डग्लस यांचे आत्मकथन आले, तेव्हाही ते त्यांनी स्वतः लिहिले आहे हे शीर्षकपृष्ठावरच छापावे लागले. लेखकाचा रंग पाहून वाचण्याची रीत काळ्यांनी काढलेली नाही. ती आधीपासूनच होती. फक्त ती संशयाची रीत होती.

हा दाखला मला पुस्तकातून कळला नाही. पदवीच्या वर्गात मी लिहिलेला निबंध हातात धरून एका प्राध्यापकांनी विचारले होते, "कोणाकडून लिहून घेतलास?" माझ्या घरात तेव्हा माझ्याशिवाय लिहिता-वाचता येणारे कोणी नव्हते. सह्या कोणाच्या आणणार?

मात्र येथेच थांबलो तर आपली फसगत होईल. हॅरिएट जेकब्स या गुलामगिरीतून निसटलेल्या स्त्रीचे आत्मकथन १८६१ साली टोपणनावाने प्रसिद्ध झाले. संपादिका होत्या लिडिया मारिया चाइल्ड, गोऱ्या लेखिका. पुढे अनेकांनी पुस्तकच त्यांचे ठरवून टाकले. १९७२ साली जॉन ब्लासिंगेम या कृष्णवर्णीय इतिहासकारानेही हे कथन विश्वासार्ह नाही असे मत दिले. जेकब्स यांची पत्रे तपासून पुस्तक त्यांचेच आहे हे सिद्ध केले जीन फेगन येलिन या गोऱ्या संशोधिकेने. तिची संपादित आवृत्ती १९८७ साली आली. म्हणजे रंग एक असला की सत्य हाती लागतेच असे नाही, आणि रंग वेगळा म्हणून ते नाकारताही येत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना. त्यांनी कातडी पाहिली नाही, बाजू पाहिली.

मग लेखक कोण हे विचारायचेच नाही काय? विचारायचे. लेखक कोण हे झाकले की त्याच्या जागी प्रस्थापितांचे नाव आपोआप लिहिले जाते. जेकब्स यांच्या बाबतीत बराच काळ तेच झाले. लेखकाची जात अथवा वंश हा पुस्तकाच्या गुणवत्तेचा पुरावा नव्हे. पण कपाटात कोण नाही आणि का नाही, हे शोधण्याची ती खूण आहे. पुस्तक एकदा कपाटात आले की मग ते कठोरपणे वाचावे, त्याच्याशी भांडावे. दयेने वाचणे हाही अपमानच.

यादी मी बदलली नाही. सहकाऱ्यांना सर्वांत आधी जेकब्स यांचे पुस्तक वाचायला दिले. सह्यांचा दाखला जोडला नाही.