सामने बंद, जुळवाजुळव सुरू: एनबीएचे संघ ऑफ-सीझनमध्ये आपली ताकद कशी वाढवतात?

१८ मे २०२४. डॅलसमध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरचा संघ ११७-११६ असा अवघ्या एका गुणाने हरला आणि एनबीएच्या प्लेऑफमधून बाहेर पडला. त्यानंतर १३ महिन्यांनी, २२ जून २०२५ रोजी, याच संघाने इंडियाना पेसर्सला हरवून विजेतेपद पटकावलं.

या मधल्या काळात थंडरचा कोच बदलला नाही. शे गिल्जस-अलेक्झांडर, जेलन विल्यम्स आणि चेट होल्मग्रेन हे तीन प्रमुख खेळाडूही तेच राहिले. मोठे बदल दोनच झाले, आणि तेही सामने बंद असताना. म्हणूनच ऑफ-सीझनमध्ये संघ कसा सुधारतो, हे समजून घ्यायला थंडरचा २०२४ चा उन्हाळा हे उत्तम उदाहरण आहे.

ऑफ-सीझन म्हणजे काय?

एनबीएची अंतिम फेरी जूनमध्ये संपते आणि नवा मोसम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. मधले महिने म्हणजे ऑफ-सीझन. जूनच्या अखेरीस ड्राफ्ट होतो. ३० जूनला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सहा वाजले, की करार संपलेल्या खेळाडूंशी इतर संघांना बोलणी करता येतात. भारतात तेव्हा १ जुलैची पहाट असते, साडेतीनची. सोशल मीडियावर सकाळी उठल्या उठल्या दिसणाऱ्या 'अमुक खेळाडू तमुक संघात' या बातम्या त्यामुळेच.

आयपीएलपेक्षा वेगळं काय?

आयपीएलमध्ये लिलाव होतो. जो संघ जास्त बोली लावेल, खेळाडू त्याचा. एनबीएमध्ये लिलाव नसतो. करार संपलेला खेळाडू, म्हणजे 'फ्री एजंट', कुठे जायचं ते साधारणपणे स्वतः ठरवतो. पैसा महत्त्वाचा असतोच, पण शहर, कोच आणि जिंकण्याची शक्यताही तो पाहतो.

दुसरा फरक खर्चाच्या मर्यादेचा. आयपीएलमध्ये संघाच्या पर्समधले पैसे संपले की विषय संपला. एनबीएची 'सॅलरी कॅप' मात्र लवचिक आहे. काही सवलती वापरून ती ओलांडता येते. पण जितकं वर जाल, तितक्या वाटा बंद होत जातात. २०२४-२५ च्या मोसमातले आकडे पाहा:

- सॅलरी कॅप: सुमारे १४.०६ कोटी डॉलर. एकूण पगार याच्या खाली असेल, तर उरलेल्या पैशांत बाहेरचा खेळाडू थेट घेता येतो.
- लक्झरी टॅक्सची रेषा: सुमारे १७.०८ कोटी डॉलर. ही ओलांडली की मालकाला दंडासारखा जादा कर भरावा लागतो.
- दुसरा एप्रन: सुमारे १८.८९ कोटी डॉलर. इथून पुढे नुसते पैसे भरून सुटका होत नाही, संघाचे हातच बांधले जातात.

दुसऱ्या एप्रनच्या वर गेलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून त्यांच्या बदल्यात एक महागडा खेळाडू आणता येत नाही. ट्रेडमध्ये जितका पगार बाहेर जातो, त्यापेक्षा जास्त आत घेता येत नाही. सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिकही गोठवला जातो, म्हणजे तो ट्रेडमध्ये देता येत नाही. मालक कितीही श्रीमंत असला तरी संघ हवा तसा विकत घेता येत नाही, तो यामुळे.

संघ सुधारण्याचे चार मार्ग

१. ड्राफ्ट. दोन फेऱ्यांमध्ये संघ तरुण खेळाडू निवडतात. साधारण नियम असा, की कमकुवत संघाला आधी निवडण्याची संधी मिळते. पहिल्या काही जागा मात्र लॉटरीने ठरतात. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार ठरलेल्या तक्त्यानुसार असतो आणि चार वर्षांपर्यंत तो तुलनेने कमीच राहतो. खेळाडू लवकर चमकला, तर संघाची चांदी.

थंडरचा पाया इथेच घातला गेला. २०१९ मध्ये सॅम प्रेस्टी या जनरल मॅनेजरने पॉल जॉर्ज हा स्टार खेळाडू एलए क्लिपर्सला दिला. बदल्यात तरुण गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच पिक आणि दोन पिक बदलून घेण्याचे हक्क मिळाले. क्लिपर्सकडून आलेल्या पिकपैकीच एकावर २०२२ मध्ये १२ व्या क्रमांकाने जेलन विल्यम्स निवडला गेला. याची किंमतही मोजावी लागली. २०२०-२१ मध्ये थंडरने ७२ पैकी फक्त २२ सामने जिंकले आणि पुढच्या मोसमात ८२ पैकी २४.

२. ट्रेड. म्हणजे खेळाडूंची अदलाबदल. कॅपच्या वर असलेल्या संघांना दोन्ही बाजूंचे पगार बऱ्याच अंशी जुळवावे लागतात. म्हणून ट्रेडच्या बातमीत दोन-तीन अनोळखी नावंही दिसतात. अनेकदा ती पगाराचं गणित जुळवायला घेतलेली असतात.

३. फ्री एजन्सी. कॅपमध्ये जागा असेल तर करार संपलेल्या खेळाडूला थेट प्रस्ताव देता येतो.

४. आपलेच खेळाडू टिकवणं. हा मार्ग बातम्यांत कमी दिसतो, पण तितकाच महत्त्वाचा आहे. 'बर्ड राइट्स' नावाच्या नियमामुळे संघाला कॅप ओलांडूनही स्वतःच्या खेळाडूशी नवा करार करता येतो. लॅरी बर्ड या बोस्टनच्या दिग्गजावरून हे नाव पडलं. मात्र पूर्ण हक्क मिळायला साधारण तीन मोसम जावे लागतात.

थंडरने २०२४ मध्ये काय केलं?

२०२३-२४ मध्ये थंडरने ५७ सामने जिंकून वेस्टर्न कॉन्फरन्समध्ये पहिलं स्थान मिळवलं होतं. पण डॅलसविरुद्ध दोन उणिवा उघड्या पडल्या. एक, उंच आणि दणकट सेंटरची कमतरता. होल्मग्रेन उंच आहे पण सडपातळ, त्यामुळे रिबाउंडसाठीच्या झटापटीत संघ मागे पडायचा. दोन, गार्ड जॉश गिडी. त्याच्या लांबून मारलेल्या शॉट्सची धास्ती नसल्याने प्रतिस्पर्धी त्याला मोकळं सोडून इतरांभोवती गर्दी करायचे.

जून २०२४ मध्ये प्रेस्टीने गिडीला शिकागो बुल्सकडे पाठवलं आणि अॅलेक्स कारुसोला आणलं. गिडी तेव्हा २१ वर्षांचा, कारुसो ३० चा. कागदावर हा सौदा शिकागोच्या फायद्याचा वाटत होता. पण थंडरला पाच वर्षांनंतरचा स्टार नको होता. त्यांना हवा होता आत्ता, प्लेऑफमध्ये डिफेन्स करणारा माणूस.

त्यानंतर सेंटर आयझेया हार्टनस्टाइनशी तीन वर्षांसाठी ८.७ कोटी डॉलरचा करार झाला. त्याचा आधीचा संघ न्यूयॉर्क निक्सलाही तो हवा होता. पण तो तिथे दोनच मोसम खेळलेला असल्याने पूर्ण बर्ड राइट्स नव्हते. निक्सला जास्तीत जास्त चार वर्षांचे मिळून ७.२५ कोटी डॉलर देता येत होते. थंडर मात्र तीनच वर्षांत त्यापेक्षा जास्त देऊ शकले, कारण होल्मग्रेन आणि विल्यम्स अजून ड्राफ्टच्या स्वस्त करारावर होते.

त्याच उन्हाळ्यात आयझेया जो आणि अॅरन विगिन्स या राखीव फळीतल्या खेळाडूंनाही नवे, लांबचे करार देऊन टिकवण्यात आलं.

निकाल? २०२४-२५ मध्ये ८२ पैकी ६८ विजय. नोव्हेंबरमध्ये होल्मग्रेन जखमी होऊन सुमारे तीन महिने बाहेर राहिला, तेव्हा हार्टनस्टाइनने मधली बाजू सांभाळली. डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या आणि निर्णायक सामन्यात सहा फूट पाच इंचांच्या कारुसोने सहा फूट अकरा इंचांच्या निकोला योकिचला रोखण्याची जबाबदारी घेतली. थंडरने तो सामना १२५-९३ असा जिंकला. गिडीचंही नुकसान झालं नाही, शिकागोमध्ये त्याला मोठी भूमिका मिळाली आणि तो बहरला.

मोठी नावं आणली की काम होतं का?

फिनिक्स सन्सची गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे. २०२३ मध्ये त्यांच्याकडे डेव्हिन बुकर आणि केव्हिन ड्युरंट होते. त्या उन्हाळ्यात त्यांनी ब्रॅडली बील हा तिसरा महागडा स्टार आणला. बीलच्या करारात तर त्याच्या संमतीशिवाय ट्रेड करता येणार नाही, अशी अटही होती. पहिल्या वर्षी सन्सला पहिल्याच फेरीत मिनेसोटाने ४-० ने हरवलं. दुसऱ्या वर्षी ३६ विजय आणि ४६ पराभव, प्लेऑफही नाही. दुसऱ्या एप्रनच्या वर असल्याने चुका दुरुस्त करायलाही वाव नव्हता. २०२५ च्या उन्हाळ्यात ड्युरंट ह्यूस्टनला गेला आणि बीलशी तडजोड करून करार मोडावा लागला. त्याचे उरलेले पैसे पाच वर्षांत विभागले गेले. म्हणजे जो खेळाडू संघात नाही, त्याच्यापोटी दरवर्षी सुमारे १.९ कोटी डॉलर सन्सच्या हिशेबात धरले जाणार.

यशस्वी संघही यातून सुटत नाही. बोस्टन सेल्टिक्सने २०२३ मध्ये क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस आणि ड्रू हॉलिडे यांना आणलं आणि २०२४ चं विजेतेपद मिळवलं. पण पगाराचा डोंगर इतका वाढला, की २०२५ च्या उन्हाळ्यात दोघांनाही सोडावं लागलं.

थंडरसाठीही घड्याळ चालूच आहे. जुलै २०२५ मध्ये गिल्जस-अलेक्झांडर, होल्मग्रेन आणि विल्यम्स यांच्याशी झालेले करार मिळून ८० कोटी डॉलरच्या पुढे जाऊ शकतात. तिघांना हा पैसा द्यायचा, तर बाकीच्यांसाठी हात आखडता घ्यावा लागणार. २०२४ मध्ये हार्टनस्टाइनसाठी जी जागा होती, ती आता उरणार नाही.

पुढच्या वेळी बातमी वाचताना काय पाहाल?

मोठ्या ट्रेडची बातमी आली की तीन गोष्टी तपासा. संघाची नेमकी उणीव कोणती होती आणि नवा खेळाडू तीच भरून काढतो का? त्याच्या पगारामुळे संघ कोणत्या रेषेच्या वर जातो? आणि संघातल्या तरुण खेळाडूंचे स्वस्त करार संपायला किती वर्षं उरली आहेत? पहिल्या प्रश्नावरून यंदाचं चित्र कळेल. संघ पुढची तीन वर्षं टिकेल का, हे मात्र उरलेल्या दोन प्रश्नांवर ठरतं.