पितळ उघडे पडते तेव्हा

मराठीत एखाद्याचे 'पितळ उघडे पडले' असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात निंदा असते. वरचा सोन्याचा मुलामा झिजला, आतला हलका धातू दिसला, सोंग संपले, असा त्या वाक्प्रचाराचा भाव. घरच्या भांड्यांच्या बाबतीतही पितळ दिसू लागणे हे सुलक्षण नव्हेच. कल्हई उडाली की ताक कळकते, आणि मग गल्लीत कल्हईवाल्याची हाक ऐकू येण्याची वाट पाहावी लागते. अशा भाषेत वाढलेल्या माणसाला छायाचित्रणाच्या जगातला एक जुना शौक काहीसा उफराटाच वाटेल. जर्मनीतील वेट्झलर या गावी घडणाऱ्या लायका कॅमेऱ्याचे काही धनी त्यावरचा काळा रंग उडून खालचे पितळ कधी दिसू लागते याची आस लावून बसलेले असतात. नवाकोरा कॅमेरा त्यांना किंचित लाजिरवाणा वाटतो. कडा झिजून सोनेरी झालेल्या जुन्या कॅमेऱ्याला ते कौतुकाने न्याहाळतात, आणि तशाच प्रतीला लिलावात चढा भाव येतो. 2015 साली तर खुद्द कंपनीनेच, एकही चित्र घेतले जाण्यापूर्वी, कारखान्यात हाताने घासून पितळ उघडे पाडलेले कॅमेरे विक्रीस आणले.

झीज ही वापराची खूण. मग वापरच झाला नसेल तर ती कशाची खूण ठरते, हा प्रश्न आम्हांस कॅमेऱ्यापुरता वाटत नाही. वाङ्मयाच्या आणि हस्तलिखितांच्या अभ्यासकाला तो चांगलाच ओळखीचा आहे. परंतु प्रथम कॅमेऱ्याची हकीकत.

ऑस्कर बारनाक हा यंत्रज्ञ 1911 साली वेट्झलरच्या एर्न्स्ट लाइट्झ यांच्या कारखान्यात रुजू झाला. कारखाना सूक्ष्मदर्शकांचा. बारनाकला छायाचित्रणाचा छंद होता आणि दम्याचा विकार. काचेच्या पट्ट्यांचा अवजड कॅमेरा आणि तिकाटणे घेऊन डोंगर चढणे त्याच्या प्रकृतीला झेपणारे नव्हते. चित्रपटासाठी वापरल्या जाणाऱ्या 35 मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर, चित्रपटाच्या चौकटीच्या दुप्पट, म्हणजे 24 बाय 36 मिलिमीटरचे चित्र उमटवणारा खिशात मावेल असा कॅमेरा त्याने 1914 पर्यंत सिद्ध केला. पुढे महायुद्ध आले, चलनवाढ आली. धाकट्या एर्न्स्ट लाइट्झने अखेर धोका पत्करायचे ठरवले आणि 1925 च्या वसंतातील लायप्झिगच्या जत्रेत हा कॅमेरा बाजारात आला. लाइट्झ आणि कॅमेरा यांची आद्याक्षरे जोडून त्याचे नाव लायका.

या पहिल्या लायकांना पितळेवर काळा रंग चढवलेला असे. सूक्ष्मदर्शकाच्या कारखान्यात पितळ हा रोजचाच धातू: कापायला सोपा, गंजणारा नव्हे, वजनाला भारदस्त. रंग शोभेचा आणि परावर्तन टाळण्याचा. तो झिजावा असा कुणाचाच हेतू नव्हता, किंबहुना झिजतो ही उणीवच मानली गेली. 1930 च्या दशकात अधिक टणक असा क्रोमचा मुलामा आला आणि बहुतेक गिऱ्हाइकांनी तोच पसंत केला. 1954 साली आलेला एम-थ्री हा या घराण्यातला सर्वांत नावाजलेला कॅमेरा. सव्वादोन लाखांच्या आसपास घडवले गेले, त्यांतले बहुसंख्य रुपेरी क्रोमचेच. काळे मागत ते वृत्तछायाचित्रकार. गर्दीत, नाट्यगृहात, लढाईत चकाकणारी वस्तू डोळ्यापुढे धरणे त्यांना परवडणारे नव्हते. म्हणून काळ्या रंगाचे कॅमेरे थोडे, आणि ते थोडे गेले नेमके अशा माणसांच्या हाती की जी त्यांना दिवसरात्र राबवीत. उघड्या पितळेभोवतीचे सारे वलय या योगायोगातून निर्माण झाले आहे. झिजलेला काळा लायका म्हणजे कामावरच्या माणसाचा लायका, हे समीकरण त्या काळापुरते खरोखरच बरोबर होते.

ही झीज कुठे होते हेही पाहण्यासारखे आहे. रंग कडांवर पातळ बसतो, म्हणून आधी कडा उघड्या पडतात. मग पट्टा अडकवण्याच्या कड्यांभोवतीचा भाग, फिल्म पुढे सरकवणाऱ्या तरफेचे टोक, आणि तळाची तबकडी, कारण कॅमेरा टेबलावर टेकतो तो तिथे. उजव्या हाताची तर्जनी जिथे विसावते तिथले पितळ घासून गुळगुळीत होते. जुन्या पोथीच्या पानांचा कोपरा अंगठ्याच्या स्पर्शाने काळवंडलेला असतो आणि कोणते प्रकरण वारंवार वाचले गेले ते त्यावरून ओळखता येते. तसेच हे. झीज वाचता येते, कारण ती सारखी नसते.

यंत्राच्या लहरींविषयी न लिहिता पुढे जाणे अन्याय्य होईल, कारण धनी आणि कॅमेरा यांच्यातला जिव्हाळा बराचसा या लहरींवर पोसलेला आहे. लायकाच्या जुन्या, आटे असलेल्या भिंगांच्या पिढीत फिल्मच्या टोकाला कात्रीने लांबट जीभ कापावी लागे. ती नीट कापली नाही तर फिल्म आत अडकून बसे. फिल्म पाठीमागून नव्हे, तळातून भरायची. तळाची तबकडी काढली की ती ठेवायची कुठे हा प्रश्न, आणि रस्त्यावर उभ्या माणसाला त्याचे उत्तर बहुधा एकच सुचे: दातांत. शटरच्या वेगाची चकती फिल्म सरकवल्यानंतरच वाचायची, कारण बटण दाबताच ती स्वतःभोवती फिरते. घडी होणारे भिंग बाहेर ओढून पक्के करायचे विसरलात तर सगळीच चित्रे धूसर. दृश्य पाहण्याची खिडकी भिंगाहून निराळी असल्यामुळे भिंगावरचे झाकण तसेच राहिले तरी डोळ्याला पत्ता लागत नाही. माणूस तन्मयतेने छत्तीस चित्रे घेतो आणि छत्तीसही काळोखाची निघतात. शटर कापडी, मध्ये आरसा नाही. उन्हात कॅमेरा सूर्याकडे तोंड करून ठेवला तर भिंग आपले काम चोख बजावते आणि कापडाला भोक पडते.

यांपैकी काही लहरी गरजेपोटी होत्या, तर काही नुसत्या परंपरेपोटी टिकल्या. 2006 साली या घराण्यात डिजिटल एम-एट आला. फिल्म गेली, तरी तळाची तबकडी राहिली. बॅटरी आणि कार्ड तिच्याखाली ठेवले. ती काढून टाकण्याचे धैर्य कंपनीला 2022 च्या एम-इलेव्हनपर्यंत झाले नाही. तेव्हाही हळहळणारे निघालेच. एखादे वृत्त गायले जाणे थांबल्यावरही त्याची यती कवी पाळीत राहतात, त्यातलाच हा प्रकार म्हणावा काय? आम्हांपैकी एकाला ही उपमा मान्य नाही. असो.

उघड्या पितळेच्या आख्यायिकेत आंरी कार्तिए-ब्रेसाँ याचे नाव हटकून घेतले जाते. 1930 च्या दशकाच्या आरंभी त्याने पहिला लायका घेतला आणि तो त्याच्या हातून पुढे कधी सुटला नाही. 1947 साली रॉबर्ट कापा प्रभृतींसह मॅग्नम ही संस्था स्थापन केल्यावर तो हिंदुस्थानात आला. 30 जानेवारी 1948 रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात त्याने गांधीजींची भेट घेतली, त्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. त्या रात्रीची आणि अंत्ययात्रेची त्याने घेतलेली चित्रे आज त्या दिवसांच्या स्मृतीचाच भाग आहेत. या माणसाने आपल्या कॅमेऱ्याचे काय केले? चकाकणाऱ्या भागांवर काळी चिकटपट्टी लावली. झीज मिरवणे दूरच. कॅमेरा कुणाला दिसूच नये, एवढीच त्याची इच्छा. ज्याच्या नावाने पितळेचे कौतुक होते, त्याने धातू झाकला होता. पुढे कंपनीने कॅमेऱ्याच्या दर्शनी भागावर लाल ठिपक्याचे बोधचिन्ह बसवले तेव्हा लोक त्यावरही चिकटपट्टी लावू लागले. मग ठिपका वगळलेली 'पी' अक्षराची आवृत्ती निघाली आणि ती अधिक किमतीला विकली गेली. काढून टाकलेल्या वस्तूचे दाम वाढवून घेण्याची ही कला साहित्यव्यवहारालाही अगदीच अपरिचित नाही.

वाल्टर बेन्यामिनने 1936 मध्ये यांत्रिक पुनरुत्पादनावरील निबंधात म्हटले होते की एका निगेटिव्हवरून कितीही प्रती निघत असल्यामुळे छायाचित्राची 'अस्सल' प्रत कोणती हा प्रश्नच निरर्थक होतो; कलाकृतीभोवतीचे प्रभामंडल त्यामुळे विरते. पुढे जे घडले ते त्याला गमतीचे वाटले असते. चित्राभोवतीचे प्रभामंडल विरले ते चित्र घेणाऱ्या यंत्राभोवती जमा झाले. विक्रीपूर्वी चाचणीसाठी घडवलेल्या मोजक्या लायकांपैकी 105 क्रमांकाचा, बारनाकने स्वतः वापरलेला, कॅमेरा 2022 साली वेट्झलरच्या लिलावात 1 कोटी 44 लाख युरोंना गेला. त्याचा रंग बराच उडालेला आहे. त्या उडालेल्या रंगाला किंमत आहे, कारण तो कुणाच्या बोटांनी उडाला हे ठाऊक आहे.

2015 च्या त्या कॅमेऱ्यांकडे आता वळू. अमेरिकन गायक लेनी क्रॅविट्झ याच्या संकल्पनेवरून 'करस्पाँडंट', म्हणजे वार्ताहर, या नावाने 125 संच काढण्यात आले. क्रॅविट्झचे वडील दूरचित्रवाणीच्या वृत्तविभागात होते आणि वडिलांकडून मिळालेल्या कॅमेऱ्याची आठवण ही या संचामागची प्रेरणा सांगितली गेली. कडा, कोपरे, भिंगाची कडी, सारे कारागिरांनी हाताने घासलेले. कारागिरीला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण वार्ताहर कोठे गेला होता?

त्यांना सरसकट खोटे म्हणून मोकळे होणे मात्र सोपे आणि म्हणून संशयास्पद आहे. कंपनीने 2021 मध्ये एम-टेन-आर या कॅमेऱ्याच्या 2000 प्रती पितळेवर चकचकीत काळा रंग देऊन काढल्या. हा रंग वापराने झिजेल आणि झिजावा, असे उघड सांगून. तिथे झीज विकली जात नाही, झिजण्याची शक्यता विकली जाते. बाकीचे काम धन्याच्या हाताचे. दोहोंतला फरक आम्हांस महत्त्वाचा वाटतो. कादंबरीला कोरी पाने शेवटी जोडणे आणि वाचकाच्या नावाने समासात टिपा छापून देणे यांत जेवढा फरक, तेवढा. शिवाय ज्या काळ्या एम-इलेव्हनचा वर उल्लेख आला, त्याच्या काळ्या आवृत्तीचे वरचे आवरण वजन घटवण्यासाठी ॲल्युमिनियमचे केले गेले. ती कितीही वापरली तरी तिचे पितळ उघडे पडणार नाही, कारण तिथे पितळ नाही. कोणत्याही मराठी माणसाला ही स्तुती वाटेल!

कृत्रिम झिजेचा इतिहास अर्थातच कॅमेऱ्याहून जुना आहे. जपानमध्ये नेगोरोजी या बौद्ध मठातील भांड्यांवर काळ्या लाखेवर तांबडी लाख चढवीत. भिक्षूंच्या रोजच्या वापराने तांबडा थर झिजून खालचा काळा ढगांसारखा वर येई. 1585 मध्ये हिदेयोशीच्या सैन्याने मठ जाळला. भांड्यांचे नाव मात्र शैलीला चिकटले, आणि नंतरचे कारागीर नव्या भांड्यांचा तांबडा थर मुद्दाम घासू लागले. आज त्या घासलेल्या भांड्यांनाही नेगोरोच म्हणतात, आणि ती सुंदर असतात.

इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना चॅटर्टन आठवेल. ब्रिस्टलच्या या पोराने रौली नावाचा पंधराव्या शतकातला साधू कल्पून त्याच्या नावे कविता रचल्या, चर्मपत्राला गेरू चोळून आणि ते मेणबत्तीवर धरून जुने केले. 1770 साली, अठरावे वर्ष पुरे होण्याआधीच, तो मेला. लबाडी उघडकीस आली; परंतु 1818 मध्ये कीट्सने 'एन्डिमियन' अर्पण केले ते त्याच्याच स्मृतीला. काजळी खोटी होती, कविता खोटी नव्हती.

आणि उलट प्रकारही असतो. लायकाची नक्कल सोव्हिएत रशियात 1934 पासून होत असे. खारकीवचा 'फेड' आणि 1948 पासून क्रास्नोगोर्स्कचा 'झोर्की' हे तिचे दोन अवतार. पुढे कित्येकांवरची मूळ अक्षरे घासून त्या जागी लायकाचे नाव आणि जर्मन सैन्याची चिन्हे कोरली गेली. असा एक झोर्की आम्ही तिघांनी मिळून मुंबईच्या चोरबाजारातून, तो काय आहे हे जाणूनच, घेतला. पाठचिकित्सेच्या तासाला तो फार उपयोगी पडतो. भिंग काढून आत पाहावे: अस्सल लायकात अंतरमापकाच्या दांड्याच्या टोकाला गोल चाक असते, यात पाचरीसारखा तुकडा आहे. नाव खोटे, चिन्ह खोटे. पण तरफ, कडा, बटणाभोवतीचा भाग इथली झीज अगदी खरी आहे. कुणीतरी या नकली लायकाने वर्षानुवर्षे, कदाचित लग्नांची आणि बारशांची, चित्रे घेतली आहेत. वेट्झलरच्या त्या 125 संचांत नेमके याच्या उलट. देह अस्सल, वय उसने. विद्यार्थ्यांना दोहोंपैकी कोणते दस्तऐवज अधिक विश्वसनीय असे विचारले, तर वर्ग हटकून दोन तट पाडून भांडतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींना अस्सल कागदांच्या कसाला लावले, त्या वादाची धग अशा वेळी मुलांना प्रथमच जाणवते.

एक अडचण मात्र आम्हांस अद्याप सुटलेली नाही. त्या 125 संचांपैकी सगळेच काही काचेच्या कपाटात गेले नसणार. एखादा कुणीतरी रोज गळ्यात अडकवून हिंडत असेल. त्याच्या बोटांनी कारखान्यातल्या झिजेच्या शेजारी, आणि तिच्यावरही, स्वतःची झीज चढवली असेल. प्रक्षिप्त श्लोक शतकानुशतके पठणात राहिला की त्याच्यावरही पाठभेद उगवतात, आणि संपादकाला तळटीपेत त्यांची नोंद घ्यावीच लागते. आणखी पन्नास वर्षांनी तो कॅमेरा लिलावात येईल, तेव्हा भिंग लावून पाहणाऱ्या माणसाला तर्जनीखालचे कोणते पितळ कारागिराचे आणि कोणते धन्याचे, हे सांगावे लागेल.