तांगशान ते किल्लारी : रिपोर्ताज आणि राजकीय इतिहास

२८ जुलै १९७६, पहाटे ३ वाजून ४२ मिनिटे : उत्तर चीनमधील तांगशान. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे : लातूर जिल्ह्यातील किल्लारी. दोन्ही ठिकाणी माणसे झोपेत होती आणि राहती घरेच त्यांच्यावर कोसळली. भूकंप हा भूगर्भशास्त्राचा विषय. मात्र भूकंपाआधी कोणाचे ऐकले गेले नाही आणि भूकंपानंतर कोणाला काय मिळाले, हे प्रश्न राजकीय इतिहासाचे आहेत. त्यांची उत्तरे नेमकी कोणत्या साधनांत शोधायची, हा या धाग्याचा विषय.

तांगशानमध्ये २ लाख ४२ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हा आकडा चिनी सरकारने तब्बल तीन वर्षांनी, १९७९ मध्ये जाहीर केला. परकीय मदत नाकारण्यात आली होती. भूकंपानंतर दीड महिन्याच्या आतच माओंचे निधन झाले आणि सत्तासंघर्षाच्या धुरळ्यात एक अख्खे शहर झाकले गेले. ते पुन्हा दृष्टीस पडले १९८६ मध्ये, छियेन गांग यांच्या ‘तांगशानचा महाभूकंप’ या दीर्घ रिपोर्ताजमधून. १९७६ मध्ये तरुण सैनिक म्हणून मदतकार्यासाठी ते तांगशानला गेले होते. दहा वर्षांनी त्यांनी वाचलेल्यांच्या, खाणीत अडकलेल्यांच्या, अनाथ झालेल्या मुलांच्या कहाण्या एकत्र आणल्या आणि त्यांच्यासोबत एक अडचणीचा प्रश्नही मांडला : काही शास्त्रज्ञांना धोक्याची चाहूल लागली होती, तर ती तांगशानच्या लोकांपर्यंत का पोहोचली नाही?

चीनमध्ये या लेखनप्रकाराची परंपरा जुनी आहे. शिया येन यांनी १९३६ मध्ये शांघायच्या कापडगिरणीत कराराने बांधलेल्या मुलींवर लिहिले. ल्यू बिनयान यांनी १९७९ मध्ये हेलुंगज्यांग प्रांतातील एका तालुक्याच्या इंधन कंपनीतला भ्रष्टाचार उघडा केला. स्थानिक पक्षयंत्रणा देवघेवीच्या आणि नात्यागोत्याच्या जाळ्यावर कशी चालते, हे पक्षाच्या कोणत्याही ठरावात सापडणार नाही. ल्यू यांच्या लेखनात ते सापडते. १९८७ मध्ये त्यांना पक्षातून काढण्यात आले. (साधन किती मोलाचे आहे, याचे प्रमाणपत्र कधीकधी सत्ताच देते.)

किल्लारीची अडचण याच्या नेमकी उलट आहे. इथे कागद लपवले गेले नाहीत, ते अमाप आहेत. जागतिक बँकेचे अहवाल, शासन निर्णय, पुनर्वसनाचे आराखडे, अभियंत्यांचे शोधनिबंध. तरीही मृतांचा आकडा सरकारी नोंदीत आठ हजारांच्या आसपास, तर अन्यत्र दहा हजारांच्या जवळ जातो. या परिसराला १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धक्के बसले होते. भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन नकाशावर मात्र हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. गावकऱ्यांच्या पायाखालची जमीन एक सांगत होती आणि नकाशा दुसरेच. प्रशासनाने नकाशावर विश्वास ठेवला.

पुनर्वसनाच्या कागदांतील एक तक्ता इतिहासाच्या विद्यार्थ्याने विशेष लक्ष देऊन वाचावा असा आहे. पूर्णतः स्थलांतरित केलेल्या ५२ गावांत घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४५०, त्याहून अधिक जमीन असलेल्यांना ७५०. भूकंपाने वाडे आणि झोपड्या एकाच रात्री जमीनदोस्त केल्या होत्या. या तक्त्याने त्यांच्यातले अंतर पुन्हा आखून दिले. जुन्या गावात कोण किती मोठ्या घरात राहत होते, त्याला हे धरूनच होते, असा बचाव करता येतो. पण मग तो राजकीय निर्णय ठरतो, केवळ तांत्रिक नव्हे.

तक्ता तिथेच थांबतो. दगड-मातीच्या जाड भिंतींचे माळवद जीव घेऊन गेले, म्हणून लोकांनी दगडाचा धसका घेतला. आणि सिमेंटच्या सरळ रेषेतल्या वसाहतीत अंगण, गोठा, कडबा यांना जागाच उरली नाही, म्हणून नव्या घरांशेजारी पत्र्याची शेड उभी राहिली. ही शेड कोणत्याही आराखड्यात नव्हती. ती टिपायला तिथे जाऊन बसणारा, बोलणारा, पुन्हा जाणारा लेखक लागतो. लातूरचे अतुल देऊळगावकर यांचे ‘डळमळले भूमंडळ’ हे पुस्तक म्हणूनच केवळ आपत्तीवरील पुस्तक म्हणून कपाटात ठेवू नये. अनिल अवचट यांच्या ‘पूर्णिया’पासून (१९६९) मराठीत या लेखनाची वाट रुळलेली आहे; आपले इतिहासकार मात्र त्याची गणना ‘ललित’मध्ये करून मोकळे होतात.

अर्थात रिपोर्ताज डोळे मिटून स्वीकारावा असे नाही. निवड, क्रम, संवाद हे सारे लेखकाच्या हातात असते. त्याने कोणाला विचारले, यापेक्षा कोणाला विचारले नाही हे आधी तपासावे. वर्तमानपत्रांबाबत तर अधिकच. १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाडा पेटला, नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. त्या काळातील प्रदेशातले प्रमुख दैनिक ‘मराठवाडा’ आणि त्याचे संपादक अनंत भालेराव नामांतराच्या विरोधात होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामासाठी जे अनंतराव मोलाचे साक्षीदार, तेच इथे वादातील एक पक्ष आहेत. दंगलीचा इतिहास लिहिताना त्या दैनिकाचे अंक वाचावेच लागतील, पण शेजारी सत्यशोधन समित्यांचे अहवाल आणि होरपळलेल्या वस्त्यांतील साक्षी ठेवूनच.

आणखी एक गोष्ट कालक्रमात सहज निसटते. किल्लारीचा भूकंप सप्टेंबर १९९३ चा. नोव्हेंबरमध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि लातूर त्याच्या कार्यक्षेत्रात आले. पुस्तकांत भूकंप ‘आपत्ती’च्या प्रकरणात असतो आणि नामांतर ‘चळवळी’च्या. त्या हिवाळ्यात पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्या, २५० चौरस फुटांच्या यादीत नाव असलेल्या दलित कुटुंबासाठी ही दोन प्रकरणे नव्हती.